ढगात, पावसात, एकट्याने डोंगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसापाण्याचं डोंगरावर एकट्याने जावंच का?

जायलाच हवं असं अजिबात नाही. चांगली सोबत मिळत असेल तर घ्या. पण कधीकधी एकटंच जावंसं वाटतं, हे मला कळतं, कारण मीही जाते. सोबतीचा माणूस गप्पांशिवाय तीन कामं करत असतो. आपण भलत्याच वाटेला लागलो की तो "थांब, ही ती वाट नव्हे" म्हणतो. आपण गारठून बावचळलो की ते आपल्याआधी त्याला दिसतं. आणि पाय मुरगळला तर तो मदत आणायला जातो. एकट्याने निघायचं तर ही तिन्ही कामं घरातूनच कुणाला तरी नेमून द्यावी लागतात: कागदाला, घड्याळाला, मागे थांबलेल्या माणसाला. पुढची बरीचशी उत्तरं या कामवाटपाचीच आहेत.

सुरुवात कुठल्या डोंगरापासून करावी?

जो तुम्ही उघडिपीत निदान दोनदा चढून उतरला आहात त्यापासून. शक्य असेल तर एकदा उलट बाजूनेही चाललेला असावा. उतरताना तीच वाट वेगळी दिसते, आणि ढगात ती अगदीच परकी होते. नवा डोंगर, नवा ऋतू आणि एकटेपणा या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी पहिल्यांदा करू नका.

अंदाजात "हलका पाऊस" म्हटलंय. जाऊ का?

फक्त पावसाचा आकडा पाहून ठरवू नका. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. दिवसभरात 5 मिलिमीटर पडला तर काही बिघडत नाही, पण आधीचे चार दिवस धो धो पडलेला असेल तर जमीन तुडुंब भरलेली असते आणि तेवढ्यानेही ओढे फुगतात. म्हणून उद्याच्या अंदाजाइतकंच गेल्या आठवड्याकडे बघा.

दुसरं म्हणजे अंदाज बहुधा पायथ्याच्या गावाचा असतो. वारा डोंगराला धडकून वर चढतो, चढताना गार होतो आणि त्यातल्या बाष्पाचे ढग तिथेच तयार होतात. त्यामुळे खाली कोरडं ठणठणीत आणि माथा दिवसभर ढगात, असं सर्रास घडतं. "वारा सुटलाय, ढग उडून जातील" या आशेवर राहू नका. वाराच तो ढग बनवतोय, एका बाजूने विरतो तेवढाच दुसऱ्या बाजूने तयार होतो.

ढग किती उंचीवर लागतील याचा एक ढोबळ हिशोब करता येतो. पायथ्याचं तापमान आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानाला गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते) यांतला फरक अंशांत काढा, त्याला 125 ने गुणा. तेवढे मीटर वर गेलात की साधारण ढग लागतो. तापमान 24 आणि दवबिंदू 20 असेल तर 500 मीटर. पाऊस पडायला लागला की हा तळ आणखी खाली येतो.

तिसरी गोष्ट वारा. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण भिजलेल्या अंगाला वारा जे करतो ते त्या साडेसहा अंशांपेक्षा वाईट असतं. अंदाजात मेघगर्जना असेल तर मात्र चर्चाच नको. त्या दिवशी घरी बसा.

ढगात शिरल्यावर नेमकं काय बदलतं?

अंतर आणि आकार. वीस पावलांवरचा दगड घराएवढा वाटतो, पुढची टेकडी कोसावर आहे असं वाटतं आणि ती दोन मिनिटांत येते. खालून येणारा पाण्याचा आवाज कुठल्या बाजूने येतोय ते सांगता येत नाही. उतार किती तीव्र आहे याचा अंदाजही चुकतो, कारण तुलनेला क्षितिजच उरलेलं नसतं.

आणि दिशा. "मला दिशा कळते" असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग. यान साउमन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. माणसांना जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडून सरळ चालत राहायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांचा माग घेतला. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. ढगाळ दिवशी जंगलात चाललेले मात्र गोल गोल फिरले, आपल्याच आधीच्या वाटेला छेदून गेले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे चकवा लागतो तो खराच लागतो, फक्त तो आपल्याच डोक्यात असतो.

मला तो एका रुंद पठारावर लागला. ओळखीचं पठार होतं. वीस-पंचवीस मिनिटं ठामपणे चालले आणि चिखलात ताज्या बुटांचे ठसे दिसले. कुणीतरी आहे म्हणून बरं वाटलं. मग ठशांवरची नक्षी पाहिली. ती माझ्याच बुटांची होती.

वाट हरवली असं वाटतंय. आता काय करू?

थांबा. "अजून थोडं पुढे बघू" हा विचार मनात आला की तिथेच थांबा, कारण सोबतीचा माणूस नेमका इथे बोलला असता. सॅक खाली ठेवा, कोरडा थर अंगावर चढवा, काहीतरी खा. पाच मिनिटांनी हरवण्याची व्याप्ती निम्मी झालेली असते. डोंगर तोच असतो, आपली घाई कमी झालेली असते.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: "मी नक्की कुठे आहे हे मला शेवटचं कधी ठाऊक होतं?" नक्की म्हणजे नक्की. खिंडीतला तो मोठा दगड, दोन ओढ्यांचा संगम, असं काहीतरी. त्याला किती मिनिटं झाली ते घड्याळात बघा. वीस मिनिटं झाली असतील तर तुम्ही त्या जागेपासून जास्तीत जास्त वीस मिनिटांवर आहात, आणि परतीचा माग चिखलात अजून ताजा आहे. परत जा. पुढे जाऊन वाट शोधण्यापेक्षा मागे जाऊन ती सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, पण पाय मागे वळायला तयार नसतात. म्हणून हा नियम घरीच स्वतःला घालून घ्यायचा.

मागे जाणंही जमत नसेल तर पायाखालचा उतार बघा. तुम्ही उभे आहात तो उतार कुठल्या दिशेला जातोय ते होकायंत्रावर मोजा आणि नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) पाहा. उतार ईशान्येला असेल आणि तुमच्या समजुतीतली जागा नैर्ऋत्येच्या उतारावर असेल, तर तुमची समजूत चुकीची आहे. दहा मीटरही दिसत नसताना चालणारी ही युक्ती आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात.

न करायच्या गोष्टी दोनच. "खाली गेलं की गाव लागेलच" म्हणून सरळ खाली सुटू नका. घळ किंवा ओढा धरून तर मुळीच नाही, कारण पाण्याला कड्यावरून उडी मारायला भीती वाटत नाही. आणि ढोरवाटेवर विश्वास ठेवू नका. पावसात ती मूळ वाटेपेक्षा जास्त मळलेली दिसते. जनावरं चरायला जातात, त्यांना उतरायचं नसतं. वाट झुडपांत शिरून फुटायला लागली, तिच्यावर माणसाने रचलेले दगड, कापलेल्या फांद्या यांतलं काहीच दिसत नसेल तर ती तुमची नव्हे.

ढग कधीकधी अर्ध्या मिनिटासाठी फाटतो. त्या वेळी हात खिशात नकोत. चारी बाजूंचे फोटो काढून घ्या. पडदा पुन्हा पडल्यावर फोटो निवांत बघता येतो.

मोबाईलवर ऑफलाइन नकाशा आहे. होकायंत्र कशाला?

मोबाईल न्याच. फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतं आणि बॅटरी दुप्पट पुरते असा माझा अनुभव आहे, कारण नेटवर्क शोधण्यातच ती जास्त जाते. पण पावसात पडद्यावरचा प्रत्येक थेंब हा बोटाचा स्पर्श समजला जातो. नकाशा आपोआप मोठा होतो, सरकतो, भलतंच अॅप उघडतं. हात गारठलेले असतील तर त्यांना फोन दादच देत नाही. फोनच्या माहितीत लिहिलेला आयपी67 हा पाण्यापासून बचावाचा दर्जा म्हणजे 1 मीटर स्वच्छ पाण्यात 30 मिनिटं टिकेल एवढंच आश्वासन. ओल्या हाताने वापरता येईल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

होकायंत्राला यातलं काही लागत नाही. फक्त ते मोबाईल, चुंबकी झाकणाचं पाकीट आणि लोखंड यांपासून हातभर दूर धरा. एक काम मात्र उघडिपीतच शिकून घ्या: मुद्दाम एका बाजूला चुकणं. समजा तुम्हाला ओढ्यावरच्या साकवाकडे जायचंय. थेट साकवाची दिशा धरलीत आणि ओढ्यावर पोचल्यावर साकव दिसला नाही, तर डावीकडे जायचं की उजवीकडे ते कळणार नाही. म्हणून मुद्दाम जरा डावीकडची दिशा धरायची. ओढा लागला की उजवीकडे वळायचं, साकव येतोच.

घड्याळातला उंचीमापक हवेच्या दाबावर चालत असेल तर तो ओळखीच्या प्रत्येक ठिकाणी जुळवून घ्या. दाब 1 हेक्टोपास्कलने बदलला की उंचीत साधारण 8 मीटरचा फरक दिसतो. हवा बिघडताना दाब 5 ने उतरला तर एका जागी बसल्याबसल्या तुम्ही 40 मीटर वर चढलेले असता.

किती वेळ धरावा?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला हिशोब अजून कामाला येतो: 5 किलोमीटर चालीला एक तास आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. 12 किलोमीटर आणि 900 मीटर चढाई असेल तर 2 तास 24 मिनिटं अधिक दीड तास, म्हणजे 4 तासांना थोडे कमी. हा हिशोब धडधाकट माणसाचा, कोरड्या वाटेचा आणि न थांबता चालण्याचा आहे. ओल्या घसरड्या वाटेवर एकट्याने मी त्याला दीडपट धरते, सहा तास. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, शेवाळलेल्या कातळावर तर जास्तच.

परत फिरण्याची वेळ घरी कागदावर लिहा. डोंगरावर ती ठरवायला गेलात तर माथा नेहमी "आलाच की" असतो. ढगाळ दिवशी अंधारही लवकर दाटतो, झाडीत तर सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी.

रेनकोट, पोंचो की छत्री?

आधी हे मान्य करा की तुम्ही भिजणार आहात. बाहेरून पावसाने नाही तर आतून घामाने. श्वास घेणारं म्हणून विकलं जाणारं महाग कापड आतली वाफ बाहेर टाकतं ते आत आणि बाहेर बाष्पाचा फरक असतो म्हणून. ढगात बाहेरची हवाही ओलीचिंब, त्यात कापडाचा वरचा थर भिजला की वाफेला जायला वाटच राहत नाही. ते कापड वाईट नाही, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

खरा प्रश्न गार पडणार का हा. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि अंगाला चिकटून उष्णता ओढत राहतो. तो घरी. पातळ सिंथेटिक कपडा पिळला की लगेच सुकायला लागतो. लोकर ओली असूनही ऊब धरते. पोंचो सॅकसकट झाकतो, चढताना हवाही खेळती राहते, पण धारेवर वारा असेल तर त्याचं शीड होतं आणि नेमक्या नको त्या क्षणी तो तोंडावर येतो. छत्री झाडीतल्या रुंद वाटेवर उत्तम, लोक हसले तरी. धारेवर नको.

सॅकचं वरचं कव्हर पाठीच्या बाजूने पाणी आत घेतंच. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी लावा आणि तिच्यात एक पूर्ण कोरडा जोड बांधून ठेवा. तो चालताना घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तो थांबल्यावरचा आहे.

वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का?

दिवसभराच्या पावसात नको. पाणी वरून, पायावरून ओघळून आत जातं आणि मग बूट ते इमानदारीने आत धरून ठेवतो. जाळीदार बुटांतून आलेलं पाणी निघूनही जातं. पकडीबद्दल बोलायचं तर ओल्या शेवाळावर धरेल असं रबर मी अजून पाहिलेलं नाही. काळपट चकाकणारा कातळ, झाडांची उघडी मुळं, पडलेली लाकडं, यांवर पाय न ठेवता शेजारी ठेवा. आणि रात्री मुक्काम असेल तर पाय पुसून, कोरडे मोजे घालून झोपा. पाय दिवसचे दिवस ओले राहिले तर ते सुन्न पडून सुजतात आणि कातडी सुटायला लागते. ते बरं व्हायला आठवडे लागतात.

बर्फ नसताना गारठून जीवाला धोका होऊ शकतो?

हो, आणि भिजलेल्या माणसाला तो शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानालाही होतो. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते, मग बोटं ऐकेनाशी होतात, पाय अडखळतात, जीभ जड होते, उगाच चिडचिड होते. सर्वांत वाईट म्हणजे निर्णय बिघडतात आणि ज्याचे बिघडतात त्याला ते उत्तमच वाटत असतात. आतलं तापमान 32 च्या आसपास आलं की हुडहुडी थांबते. "आता थंडी वाजत नाही" असं तेव्हा वाटतं. ते बरं वाटणं खोटं असतं.

एकट्याला हे सांगणार कोण? म्हणून घड्याळाला सांगायला लावा. मी दर 30 मिनिटांचा गजर लावते. वाजला की अंगठा करंगळीच्या टोकाला लावायचा, जॅकेटची चेन उघडून लावायची, घरचा पत्ता मोठ्याने म्हणायचा. यातलं एकही नीट जमलं नाही तर आडोसा, कोरडा जोड, गोड काहीतरी पोटात, आणि मग खाली. दोन घोट घेऊन ऊब येते हा समज सोडा. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते.

फुगलेला ओढा कसा ओलांडायचा?

एकट्याने? ओलांडायचा नाही. दोरी धरायला कुणी नाही, वाहत गेलात तर बघायला कुणी नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला आलं तर ते "थोडंच वाढलेलं" नसतं. पाणी गढूळ झालंय, काड्याकाटक्या वाहून येतायत, तळातून दगड गडगडल्याचा आवाज येतोय, यांतलं काहीही असेल तर काठापासूनही वर व्हा.

लहान डोंगरी ओढे जसे चटकन चढतात तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही. थांबण्याची तयारी असली की प्रश्न सुटतो. त्याहून बरं म्हणजे परतीला मोठा ओढा येणार नाही असाच मार्ग निवडायचा, आणि हे नकाशावर घरीच कळतं.

पाणी गुडघ्याखाली आणि तळ दिसत असेल तर: सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, बूट घालूनच उतरा, पात्र रुंद असेल तिथून जा (अरुंद जागी ते खोल आणि वेगवान असतं), तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय हलवा.

विजा सुरू झाल्या तर?

ढगात असताना वादळी ढग उभा राहताना दिसत नाही, पहिला गडगडाट हाच पहिला इशारा. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर धार, माथा, एकटं झाड सोडून खाली उतरायला लागा. उथळ कपारीच्या तोंडाशी बसू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही.

मदत कशी मागायची?

शिट्टीने. ओरडून घसा बसतो, शिट्टी तासन्‌तास वाजते. एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं असतं. आल्प्समध्ये ही खूण 1894 पासून चालत आली आहे. उत्तर मिळालं तरी थांबू नका, शोधणाऱ्याला ढगात आवाजाचाच आधार असतो. टॉर्चनेही हेच करता येतं, पण ढगात चालताना हेडटॉर्च कपाळावर ठेवलात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. तो हातात, कमरेजवळ धरा.

कॉल लागत नसेल तर मेसेज पाठवून बघा, एवढ्याशा सिग्नलवरही तो कधीकधी जातो. 112 हा आपत्कालीन क्रमांक भारतासह अनेक देशांत चालतो.

घरी ठेवायच्या चिठ्ठीत काय लिहायचं?

"डोंगरावर जातेय, संध्याकाळी येईन" ही चिठ्ठी नव्हे. कुठून चढणार, कुठून उतरणार, पाणी जास्त असेल तर कुठल्या वाटेने परतणार, अंगावरच्या पोंचोचा रंग, गाडी कुठे लावली. आणि एक ठाम वेळ: "8 वाजेपर्यंत फोन आला नाही तर अमुक ठिकाणी फोन कर." ही वेळ खऱ्या परतीच्या वेळेपेक्षा दोन तास पुढची ठेवा, नाहीतर तीच पाळायला तुम्ही अंधारात धावाल. चिठ्ठी अशा माणसाकडे द्या जो संकोच न करता फोन करेल. फार समजूतदार माणसं या कामाला उपयोगाची नाहीत, ती "येईल हो, उशीर झाला असेल" म्हणत वाट बघत बसतात.

जळवा लागल्या तर?

ओढू नका. नख तिच्या अंगाखालून, तोंडाच्या बाजूने सरकवलंत की सुटते. नंतर रक्त बराच वेळ येत राहतं, कारण तिच्या लाळेतलं हिरुडिन ते गोठू देत नाही. दाबून धरा आणि चालायला लागा.

वर जाऊन काहीच दिसत नाही. मग जायचं कशाला?

सप्टेंबर 1894 मध्ये चार्ल्स विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसच्या माथ्यावर असलेल्या वेधशाळेत दोन आठवडे राहिला. ढगांवर सूर्य पडल्यावर दिसणारी रंगीत वर्तुळं त्याने तिथे पाहिली आणि ती प्रयोगशाळेत करून बघावीत म्हणून तो काचेच्या भांड्यात ढग बनवायला लागला. त्यातून अणूहून लहान कणांचा माग दाखवणारी मेघपेटी तयार झाली आणि 1927 मध्ये नोबेल मिळालं. काहीच दिसत नाही अशा जागी त्याला ते दिसलं.

तुम्हालाही दिसू शकतं. धारेवर उभे असताना पाठीमागे कललेला सूर्य निघाला आणि समोर खाली ढग असेल, तर तुमची सावली त्या ढगावर राक्षसाएवढी पडते आणि डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं वर्तुळ असतं. जर्मनीतल्या ब्रोकन डोंगरावरून तिला "ब्रोकन स्पेक्टर" हे नाव मिळालं, 1780 मध्ये तिचं वर्णन झालं. शेजारी कुणी उभं असलं तरी वर्तुळ ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोवती दिसतं. मला ते आजवर दोनदा दिसलंय. बाकी सगळ्या वेळी फक्त करडं होतं, आणि करड्यात जवळचं फार नीट दिसतं: दगडफूल, कोळ्याच्या जाळ्यावरचे थेंब, स्वतःच्या श्वासाची वाफ.

परत आल्यावर काय करायचं?

सगळ्यात आधी चिठ्ठी दिलेल्या माणसाला फोन. बूट काढायच्याही आधी. मी एकदा विसरले, आंघोळ केली आणि झोपले. फोन सॅकमध्ये, फ्लाइट मोडवर. आठ वाजून दहा मिनिटांनी दारावर थापा पडल्या, दारात माझी बहीण आणि तिच्यामागे हातात टॉर्च घेतलेले शेजारचे दोघे. तिने मला अर्धा तास बोल लावले. त्यानंतरही माझी चिठ्ठी तिच्याचकडे असते.

मग बुटांत कागदाचे बोळे कोंबा, ते भिजले की बदला. बूट शेगडीजवळ किंवा हीटरपाशी ठेवू नका, तळ सुटतो.